भोपळा कोणी चिरायचा

अल् घुब्रा, मस्कत
१४ नोव्हेंबर २०२५

सुगंधावहिनी,

'सादर नमस्कार' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, घरच्या ग्रुपमधून मला काढलंत, म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक करता येत नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली आकांक्षा सुट्टीवर वेंगुर्ल्याला येते आहे, तिच्याबरोबर हे पाठवते. तुम्ही वाचून होईपर्यंत ओसरीवरून उठू नकोस, असं तिला बजावलं आहे. तिला चहा द्या. तिचा काही दोष नाही.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीत तुमचा सागर निझव्याहून आमच्याकडे आला होता. त्याने आमच्या हॉलमधून तुम्हाला आणि त्याच्या कुडाळच्या होणाऱ्या सासुरवाडीला एकदम व्हिडिओ कॉल लावला. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मिर्लांद केळ्याच्या तळलेल्या चकत्यांची ताटली घेऊन त्याच्या मागून आली. कुडाळच्या विहीणबाईंनी विचारलं, ती कोण. आणि तुम्ही, माझ्या थोरल्या जाऊबाई, डोळ्याची पापणी न लववता म्हणालात, "ती व्हय? ती थंय कामाक आसा."

मी शेजारीच बसले होते, फोनमध्ये दिसत नव्हते एवढंच.

मिर्लांदला आपली मालवणी येत नाही असं तुम्हाला वाटतं. तिला बोलता येत नाही, कळतं सगळं. तिने ताटली ठेवली आणि आत गेली. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. कॅनडात शिकली, आईवडील हैती बेटावरचे. माझ्या कौशिकचं लग्न ठरलं तेव्हा हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हाही तुम्ही एकच प्रश्न विचारलात, काळी म्हणजे किती काळी.

त्या दिवशी संध्याकाळी विशाखा माझ्या मांडीवर येऊन बसली. पाच वर्षांची पोर, शाळेत दिवसभर इंग्रजी, माझ्याशी अडखळत का होईना मराठीत बोलते. म्हणाली, "आजी, मम्मा कामवाली आहे? मग मी कोण?"

याचं उत्तर तुम्ही मला लिहून पाठवा.

आता एक ऐकून ठेवा. मी सुनेवर जीव टाकते म्हणून हे लिहीत नाही. आमचं पटत नाही. माझ्या फ्रिजमध्ये तिच्या बरण्या असतात. एकीत हिरवं वाटण, लसूण आणि पातीचा कांदा आणि कसलासा रानटी वासाचा पाला. दुसरीत व्हिनेगरमध्ये बुडवलेली कोबी आणि मिरची, ती मिरची अशी की आपली लवंगी तिच्यापुढे गोडच म्हणायची. माझ्या ताकाला त्या बरणीचा वास लागतो. यावरून मी तिला बोलते, ती मला बोलते, कधी कधी दोन दोन दिवस आम्ही कौशिकमार्फत बोलतो. पण ते आमच्या घरातलं आहे. तुम्ही त्यात हात घालायचा नाही.

सागरने विशाखाला कबूल केलंय की त्याच्या लग्नात कऱ्हा घेऊन त्याच्या मागे तीच उभी राहील. सागरला बहीण नाही, करवली हीच. तेव्हापासून पोर स्टीलच्या तांब्यावर नारळ ठेवून या खोलीतून त्या खोलीत फिरते. नारळ जड पडतो म्हणून तिच्या आईने चेंडू ठेवून दिला तर रडून गोंधळ घातला. खरा नारळच हवा.

तर कुडाळला फोन करा आणि सांगा की ती माझी सून आहे आणि करवली तिची मुलगी आहे. एवढंच मागते.

जयवंती


अल् घुब्रा
१९ डिसेंबर २०२५

सुगंधावहिनी,

आकांक्षा परत आली. पत्राचं उत्तर नाही, तोंडी निरोप. सोबत आमसुलांची पिशवी. आमसुलं ठेवून घेतली, कारण ती आपल्या परसातल्या झाडाची आहेत आणि ते झाड सासूबाईंनी लावलेलं आहे, तुम्ही नाही.

निरोप बिचारीने खाली मान घालून सांगितला. कऱ्हा धरायचा मान शेजारच्या मुलीला दिला आहे. ती गोरीगोमटी आहे, फोटो चांगले येतील. कौशिकने एकट्याने यावं, मी आले तरी चालेल. आणि लग्न होईपर्यंत सागरने आमच्याकडे जेवायचं नाही, अशी तुम्ही त्याला गळ्याची शपथ घातली आहे.

शपथ लागू पडली. दर गुरुवारी संध्याकाळी निझव्याच्या गाडीने येणारा तुमचा मुलगा महिनाभर फिरकलेला नाही. फोनवर म्हणतो अर्बाब सुट्टी देत नाही. त्याचा मालक शुक्रवारी दुकानच उघडत नाही हे मला माहीत नाही का? विशाखा गुरुवार आला की तांब्या घेऊन दाराशी बसते. मी तिला सांगते, काकाला काम आहे. खोटं बोलायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

तो तांब्याचा कऱ्हा कोणाचा आहे, वहिनी? सासूबाईंचा. तुम्ही त्या घरात आलात तेव्हा तो तुमच्यामागे होता, मी आले तेव्हा माझ्यामागे. तो शेजाऱ्यांना वाटायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आता सागर न येण्याने माझ्या घरात काय झालं ते वाचा.

मिर्लांदने हमरियाच्या भाजीवाल्याकडून हा एवढा तांबडा भोपळा आणला. एक जानेवारीला तिला तिच्या देशाचं भोपळ्याचं सूप करायचं आहे. दर वर्षी करते. दर वर्षी मी सागरला किंवा कौशिकला हाक मारते, ते पहिली सुरी लावतात, मग आम्ही बायका पुढचं बघतो. यंदा कौशिक कामावर दुकमला अडकलाय, महिनाअखेरीला सुट्टी नाही. भोपळा ओट्यावर आणि घरात पुरुष नाही. फोडी करून आधीच गोठवून ठेवायच्या म्हणून मिर्लांद सरळ सुरी घेऊन उभी राहिली. मी तिचा हात धरला.

तिने विचारलं, का. खरं सांगते, इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. बाईने त्याच्यावर शस्त्र चालवायचं नाही, मुलाला बाधतं. ती कॅनडात शिकलेली, मला वाटलं हसेल. हसली नाही. सुरी ठेवली आणि आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत मला तिच्या भोपळ्याची गोष्ट सांगितली.

तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळ्या घालून त्या बेटावर नेलं, गोऱ्या मालकांचा ऊस तोडायला. हे सूप मालकांच्या ताटातलं. रांधायच्या या बायका, चिरायच्या या, ढवळायच्या या. पण चमचा तोंडाला लावायचा नाही, त्यांची ती लायकी नाही. मग तिथले गुलाम उठले, लढले, मालकांना समुद्रापार हाकललं. अठराशे चार सालच्या एक जानेवारीला तो देश त्यांचा झाला आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तेच सूप केलं आणि प्यायले. तेव्हापासून जगात जिथे जिथे ती माणसं आहेत तिथे एक जानेवारीला हे शिजतं. म्हणाली, "आई, आमच्याकडे पण भोपळ्याला कोण हात लावणार, कोण नाही, दुसरे लोक सांगायचे."

मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. तिने वाद घातला नाही. म्हणाली, ठीक, सागरची वाट बघू. भोपळा अजून ओट्यावर बसलेला आहे.

आणि तेव्हापासून मला एक विचारायचं आहे. भाऊजी गेले, सागर इकडे आला. त्या घरात आता तुम्ही एकट्या. माळ्यावर दर वर्षी भोपळे असतात. ते कोण चिरतं? सागरनेच मागे हसत हसत सांगितलं होतं. आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेला तो ओमप्रकाश, नेपाळकडचा. त्याला तुम्ही मागच्या दाराने आत घेता, तो सुरी टेकवतो, जातो. त्याचं गाव तुम्हाला माहीत नाही, जात माहीत नाही. पण पुरुष आहे, तेवढं पुरतं. माझी सून मात्र नात्याची असून कामवाली.

हे रजिस्टर पोस्टाने पाठवते. सही तुम्हाला करावीच लागेल.

जयवंती


अल् घुब्रा
३ जानेवारी २०२६

सुगंधावहिनी,

हे पत्र सागर स्वतः देईल. लग्नाच्या खरेदीला आठवडाभर येतो आहे. त्याला रागावू नका, रागवायचं असेल तर माझ्यावर. मला सवय आहे.

भोपळा मी चिरला.

पुन्हा वाचा हवं तर. एक जानेवारीला, गुरुवारी सकाळी, माझ्या स्वतःच्या हाताने.

असं झालं. सकाळपर्यंत कौशिकची सुट्टी आली नाही, सागरचा फोन बंद. मिर्लांदने बाकीची सगळी तयारी केली होती. या सुपात गाईचं मांस पडतं. लग्न होऊन आल्यापासून ती आमच्यासाठी बकऱ्याचं घालते, मी न सांगता. यंदा एक तारीख गुरुवारी आली तर तिने माझ्यासाठी नुसत्या भाज्यांचं वेगळं पातेलं काढलं, तेही मी न सांगता. फक्त भोपळा व्हायचा होता. तिने भोपळा पुसून मधोमध ठेवला आणि मला विचारलं, "आई, खालच्या वॉचमनला बोलवू का? तो पुरुष आहे."

टोमणा नव्हता तो, वहिनी. टोमणा मला ओळखता येतो, तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली आहेत. ती खरंच विचारत होती. माझा शब्द मोडायला नको म्हणून ती एका अनोळखी माणसाला आपल्या सणाची पहिली सुरी लावायला बोलावणार होती. आणि मला तुमचा ओमप्रकाश आठवला, मागच्या दाराने येणारा. ज्याच्यावरून मी तुम्हाला एवढं ऐकवलं होतं, तेच माझ्या घरात होणार होतं.

मी सुरी घेतली. अर्ध्यात अडकली. लाटण्याने वरून ठोकली. काड्‌कन दोन तुकडे झाले. हात धुतले आणि कौशिकला फोन लावला. तो मेसमध्ये जेवत होता. बरा आहेस ना विचारलं, म्हणाला डाळ आज खारट आहे. ठेवला फोन. चाळीस वर्षं ज्याला भ्यायले, त्याचं एवढंच निघालं, खारट डाळ.

संध्याकाळी मिर्लांदच्या हॉस्पिटलमधली जोहरा आली. मस्कतचीच आहे, पण तिची आजी झांझिबारची, घरी अजून तिकडचीच भाषा बोलतात. तिने नारळाच्या रसातले राजमे आणले होते. खाल्ले तर वाटलं, आपल्या वालाच्या उसळीची लांबची बहीण. तिचा आणि मिर्लांदचा रंग सारखा. दोघी आपापल्या आज्यांबद्दल बोलत बसल्या. कुठून आणल्या गेल्या, काय शिजवायच्या, काय सोबत नेता आलं, काय मागे राहिलं. मी ऐकत होते. दोघींच्या बोलण्यात लाज म्हणून नव्हती. सणच साजरा करत होत्या.

मग सूप वाढायची वेळ आली. कोणी हात लावेना. सगळे उभे. मिर्लांदने पहिली वाटी भरली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, पाहुणीला दे आधी, पोरीला दे. तर म्हणाली, तिच्या आजीच्या घरची रीत आहे. "ज्याला सगळ्यात जास्त थांबवलं, त्याने पहिलं प्यायचं."

वहिनी, हे गेल्यापासून मला पहिलं म्हणून कोणी काही दिलेलं नाही. ओटी भरायची असली की मी आत. हळदीकुंकू असलं की मी आत. पुढे भाऊजी गेले आणि तुम्हीही त्याच आतल्या खोलीत आलात. आठवतंय? बाहेर बायका उखाणे घ्यायच्या आणि आपण दोघी भिंतीला टेकून बसायचो, एकमेकींशी न बोलता. मला त्या खोलीचा इतका संताप आहे आणि तुम्हाला नाही, याचा त्याहून जास्त आहे.

मी प्यायले. माझ्यानंतर सगळे प्यायले.

सूप मला विशेष आवडलं नाही, तेही सांगते. त्यात मॅकरोनी घालतात. भोपळ्यात मॅकरोनी. नारळ नाही, आमसूल नाही. तुमचं आमसूल मी माझ्या वाटीत हळूच टाकलं तेव्हा कुठे घशाखाली उतरलं. मिर्लांदने बघितलं आणि पुढच्या वर्षी सगळ्यातच घालते म्हणाली.

आम्ही जेवत असताना बेल वाजली. सागर. निझव्याहून आलेला, हातात काही नाही, तोंड उतरलेलं. दारातच म्हणाला, जेवणार नाही, नुसता बसतो. शपथ आहे. विशाखा आतून तांब्या घेऊन आली, नारळासकट, आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, शिकवल्यासारखी ताठ. तो पुढे सरकला की ती सरकायची. तो बाल्कनीत गेला, ती बाल्कनीत. पोराचे डोळे भरले. टेबलाशी येऊन बसला आणि मिर्लांदला म्हणाला, "वहिनी, माका वाढ." आणि माझ्याकडे बघून, "काकी, माका हीच करवली व्हयी. आवशीक तुमीच सांगा."

म्हणून त्याच्या आईला सांगते.

सागरकडून आणखी एक कळलं. हळदीच्या दिवशी मांडवात पुढे यायचं नाही असं तुम्ही स्वतःच ठरवलं आहे. पाच सवाष्णी हळद लावणार आणि तुम्ही माजघराच्या दारातून बघणार. जन्म दिलात, एकटीने वाढवलंत, गल्फला पाठवलंत, आणि त्याच्या गालाला हळद लावायची नाही, कारण फोटोत बरं दिसणार नाही. माझ्या नातीचं आणि तुमचं कारण एकच आहे, वहिनी. तुम्हाला ते कसं दिसत नाही?

माझं म्हणणं असं. आम्ही चौघं येणार. विशाखा सासूबाईंचा कऱ्हा घेऊन सागरच्या मागे उभी राहणार. आणि हळदीला पहिला हात तुमचा. तुम्हाला कोणी अडवलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. भटजी असो की विहीणबाई. पण एक नाही तर दुसरंही नाही. पोरीला बाजूला काढून तुम्ही एकट्या पुढे येणार असाल तर मी त्या दारात येऊन बसेन आणि उठणार नाही. मी बसते म्हटलं की बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

माळ्यावरचा भोपळा काढा. सागर घरात असेल, त्याला हाक मारायची नाही. ओमप्रकाशला तर नाहीच. तुम्ही चिरा. काही होत नाही. मी करून बघितलं आहे.

जयवंती


अल् घुब्रा
२२ जानेवारी २०२६

सुगंधावहिनी,

फोटो पोचला. म्हणजे माझा नंबर मोकळा केलात. खाली एक अक्षर नाही. विळी, विळीवर अर्धा भोपळा, आणि तुमचा हात. बांगडी नसलेला तो हात मी कुठेही ओळखीन. फोटो कोणी काढला ते विचारत नाही.

फोडी केवढाल्या चिरल्या आहेत. तुमचा हात जन्मभर असाच. शिजायला दुपार जाईल.

मिर्लांदला दाखवला. तिने तो मोठा करून बघितला, मग जोहराला पाठवला. जोहराला मी सांगितलं, ही माझी जाऊ. एवढंच सांगितलं. बाकीचं तिला माहीत आहेच. बिया टाकू नका, वाळवून ठेवा. मिर्लांदला त्या हव्या आहेत, बाल्कनीत लावणार म्हणते. या उन्हात काय उगवणार, पण ती ऐकते थोडीच.

राग गेला असं समजू नका. 'कामाक आसा' हे तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही. कागदावर घेतलेलं मला चालणार नाही. कुडाळच्या मंडळींसमोर, मांडवात, मिर्लांदच्या तोंडावर घ्यायचं. ती कोण आहे ते तुमच्या तोंडून त्यांना कळलं पाहिजे. मी शेजारी उभी असेन आणि या वेळी दिसेनही.

तिकिटं काढली. चौघांची. मोपाच्या विमानतळावर उतरू, गाडी पाठवा नाहीतर पाठवू नका, येऊच.

कऱ्हा माळ्यावरून काढून घासून ठेवा. चिंचेने घासा, पावडरीने नको, आणि नुसता वरवर नको. विशाखाला त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे.

जयवंती